रेटरिक: वक्तृत्व की बोलाची कढी?

‘हे सगळं निव्वळ रेटरिक आहे’ या वाक्याचं मराठी करताना कोशातला ‘वक्तृत्वशास्त्र’ बसत नाही, मग काय लिहावं, असा प्रश्न आला आहे. आणि जोडीला, ‘रेटरिकल’ प्रश्नाला काय म्हणावं?

बसणार नाहीच. ग्रीकमध्ये ‘ऱ्हेटोर’ म्हणजे सभेत बोलणारा वक्ता आणि त्याची विद्या ती रेटरिक. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात तिच्यावर ग्रंथ लिहिला. वक्त्याची पत, श्रोत्यांच्या भावना आणि युक्तिवाद ही पटवण्याची तीन साधनं त्याने सांगितली. तिथे ‘वक्तृत्वशास्त्र’ चोख. बातमीतल्या रेटरिकमध्ये मात्र बोलणं मोठं आणि आत काही नाही. त्यासाठी शब्दावडंबर आहे, शब्दांचा फुलोरा आहे, मुंबईच्या नाक्यावर बोलबच्चन आहे. मी ‘बोलाची कढी’ लिहीन. गंमत म्हणजे तुकोबांची ती ओळ पुढे ‘जेवूनियां तृप्त कोण जाला’ असं विचारते, म्हणजे पोकळ बोलण्यावरची टीकाही रेटरिकनेच!

अर्थात जोरकस बोलणं पोकळच असतं असं नाही. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ यातला ‘च’ काढून बघा, घोषणेचा अर्ज होतो. अत्र्यांचं ‘गेल्या दहा हजार वर्षांत’ ऐकून वर्षं मोजायला कुणी बसलं नाही.

आता प्रश्नाचं. दादरला लोकलच्या दारात ऐकू येतं, ‘गाडी काय तुझ्या बापाची आहे?’ उत्तर कुणालाच नको असतं. इथला ‘काय’ विचारत नाही, नाकारतो. तोच ‘का’ होऊन शेवटी गेला, ‘ही गाडी तुझ्या बाबांची आहे का?’, की सोसायटीच्या वॉचमनची साधी चौकशी. मराठीत हे काम बऱ्याचदा ‘काय’ची जागाच करते, व्याकरणाच्या शालेय पुस्तकांत मात्र दोन्ही वाक्यं ‘प्रश्नार्थी’ म्हणून एकाच खणात.

‘आलंकारिक प्रश्न’ ही संज्ञा चालेल, जरा कोरडी आहे. काव्यशास्त्रात याच्या जवळ जाणारा ‘काकु’ हा नेमका शब्द आहे: स्वर पालटून अर्थ फिरवणं. त्यावरून काकु-वक्रोक्ती, म्हणजे स्वरातून साधलेलं वाकडं बोलणं. घरातल्या काकूशी या शब्दाचा संबंध नाही. पण रात्री साडेअकराला दार उघडत ती ‘आलास? इतक्या लवकर?’ म्हणते, ती काकु-वक्रोक्तीच.