२०० तास झाले, आता आणखी तास विकत घ्यावेत का?

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा: लेकाचे उड्डाणाचे २०० तास पूर्ण झाले, सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) हातात येऊन सहा महिने झाले, पण एअरलाइनचं बोलावणं नाही. अमेरिकेत १५०० तास लागतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून गावाकडचा प्लॉट विकून त्याला आणखी ३०० तास करू द्यावेत का?

प्लॉट राहू द्या. मी चार वर्षं इन्स्ट्रक्टर होतो, आता एटीआर या लहान प्रवासी विमानावर कॅप्टन आहे, आणि सेसनाचे, म्हणजे शिकाऊ छोट्या विमानाचे, तास विकत घेऊन नोकरी लागल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आधी ते १५०० चं प्रकरण. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. मग संसदेने कायदा केला आणि २०१३ पासून तिथे सहवैमानिकालाही साधारण १५०० तास सक्तीचे झाले (लष्करातून आलेल्यांना ७५०, विमानशास्त्राची पदवी असलेल्यांना १०००, अशी सूट आहे). गंमत अशी, की त्या विमानाच्या कॅप्टनकडे ३३०० हून जास्त तास होते आणि सहवैमानिकाकडे २२०० हून जास्त. स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटत असल्याची, सूचना आली तेव्हा नाक खाली करायचं सोडून कॅप्टनने स्टिक मागे ओढली. तासांचा नियम त्या दोघांनाही अडवू शकला नसता.

आपल्याकडे तो नियम नाही. इथे १५०० लागतात ते एटीपीएल या वरच्या परवान्याला, म्हणजे पुढे कॅप्टन होताना. ज्युनियर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे नवा सहवैमानिक, म्हणून आत जायला सीपीएल, मल्टि-इंजिन रेटिंग, आयआर (फक्त उपकरणांवर उडवण्याचं रेटिंग) आणि आरटीआर (रेडिओवर बोलण्याचा परवाना) एवढं असलं की २०० तासांवर दार उघडतं. काही ठिकाणी टाइप रेटिंगही, म्हणजे ठरावीक एका विमानाचं प्रशिक्षण, आधी करून मागतात.

त्या २०० च्या पोटात काय आहे ते मात्र बघा. १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी स्वतःवर), त्यात २० तास क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसरीकडे), त्यातली एक फेरी किमान ३०० नॉटिकल मैलांची आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. १० तास इन्स्ट्रुमेंट (नुसत्या उपकरणांवर), रात्रीचे ५ तास. मुलाखतीत कॅप्टन लोक एकूण बेरजेवर नजर टाकून पान उलटतात आणि नेमके या नोंदींवर थांबतात.

माझंच सांगतो. माझी लांबची फेरी बारामती–सोलापूर–बेळगाव–बारामती अशी होती. हिवाळ्याची सकाळ, खाली धुरकट. सोलापूरला जाताना उजनीचं पाणी डाव्या हाताला दिसायला हवं होतं, दिसलं ते उजवीकडे! डायरेक्शनल जायरो, म्हणजे दिशा दाखवणारं उपकरण, दर दहा-पंधरा मिनिटांनी कंपासशी जुळवून घ्यायचा असतो, तो मी निघाल्यापासून जुळवलाच नव्हता. दिशा हळूहळू सरकत गेली आणि मी निमूटपणे तिच्या मागे. मुलाखतीत याच फेरीबद्दल विचारलं, तेव्हा चूक लपवली नाही. मग जायरो का सरकतो, वारा किती होता, इंधन किती उरलं होतं, यावरच वीस मिनिटं गेली. निवड झाली. तुमच्या मुलाकडे असा एखादा तास आहे का, हे त्याला विचारा. नुसते धावपट्टीभोवती सर्किट मारून भरलेले ३०० तास असं काही देत नाहीत.

आणि स्वस्तात तास ‘भरून’ देणारा कुणी भेटला तर फोन ठेवून द्या. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांचं प्रकरण निघालं, वैमानिकांना अटक झाली, फ्लाइंग स्कूलांच्या नोंदीही तपासल्या गेल्या. विमानाचं टेक लॉग (विमानाची स्वतःची नोंदवही), एटीसीची (हवाई वाहतूक नियंत्रणाची) नोंद आणि मुलाचं लॉगबुक शेजारी ठेवलं की खोटा तास लगेच उघडा पडतो.

मग सहा महिन्यांत बोलावणं का नाही? बहुतेक वेळा जागाच निघालेल्या नसतात. भरती लाटेसारखी येते, नवीन विमानं आली की एकदम शंभर जण घेतात, नंतर वर्षभर शुकशुकाट. लाट येईल तेव्हा मुलगा गंजलेला नसावा, एवढंच आपल्या हातात. आयआरची मुदत एक वर्षाची असते, ती संपू देऊ नका. एअरलाइनच्या लेखी परीक्षेत मेटिऑरॉलॉजी (हवामान), नेव्हिगेशन, टेक्निकल पुन्हा विचारतात आणि सीपीएलनंतर मुलं पुस्तकं माळ्यावर टाकतात. सिम्युलेटरच्या चाचणीआधी चार-सहा सत्रं केली तर तो खर्च कारणी लागतो.

टाइप रेटिंगची घाई नको. लाखांचा मामला आहे, ए३२० या एअरबस विमानावर केलं आणि जागा एटीआरच्या निघाल्या तर ते पडून राहतं.

तासच वाढवायचे असतील तर असिस्टंट इन्स्ट्रक्टरचं रेटिंग करू द्या. त्यालाही खर्च आहे, पण नंतर गोंदिया म्हणा, धुळे म्हणा, बारामती म्हणा, कुठे काम मिळालं तर विमानाचे पैसे विद्यार्थी देतो आणि तास दोघांच्याही लॉगबुकात चढतात. शिवाय दुसऱ्याला लँडिंग शिकवताना आपलं लँडिंग सुधारतं. माझं तरी तिथेच सुधारलं. पावसाळ्यात उड्डाणं जवळपास ठप्प असतात, तेव्हा हिशोब करताना वर्ष आठ महिन्यांचं धरा.

त्याचं आयआर नेमकं कधी संपतंय आणि मल्टिचे तास किती, हे दोन आकडे इथे लिहा. पुढचं त्यावर बोलू.