सही तुझी आहे तर खुर्चीवर तूच बस

प्रिय पोरी,

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज मी सकाळी वाचला आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. वहीच्या पानाचा फोटो नीट मोठा करून बघितला. एमपीएससीसाठी तू जगातल्या महिला राष्ट्रप्रमुखांची यादी केलीस, नाव, देश, साल, तिथपर्यंत चांगलंय. पण तो चौथा रकाना कामून आखलास? ‘कुणामुळे’. एकीपुढं नवरा, एकीपुढं बाप, एकीपुढं पक्ष, आणि सगळ्यात खाली स्वतःचं नाव लिहून त्याच्यापुढं ‘आरक्षण आणि मामा’. आणि वरून विचारतेस की मावशी, मी तर नुसती सहीपुरती सरपंच आहे, राजीनामा देऊन पुण्याला क्लासला जाऊ का.

तू हुशार आहेस, धीर धर, सगळं नीट होईल असलं काही मी लिहिणार नाही, ते तुला माहितीये आणि त्याचा उपयोगही नाही. मी एकच सांगते, तो चौथा रकाना खोडून टाक. जागा महिलेला सुटली म्हणून तुला उभं केलं, मामांच्या नावावर मतं पडली, बरं मग? खुर्ची कशी आली हा प्रश्न निकालाच्या दिवशी संपला. आता प्रश्न एकच, खुर्चीवर बसतंय कोण.

आधी परीक्षेपुरती दुरुस्ती कर. इंदिरा गांधी आणि श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके या यादीतून काढ. बंदरनायके 1960 ला जगातल्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या, इंदिराजी 1966 ला, पण पंतप्रधान सरकारचा प्रमुख असतो, राष्ट्रप्रमुख वेगळा. बंदरनायकेंची मुलगी चंद्रिका कुमारतुंगा मात्र यादीत ठेव कारण तिकडं तोवर अध्यक्षच राष्ट्रप्रमुख झाला होता. आणि सगळ्यात वर खेर्तेक अंचिमा हे नाव घाल, तुवा नावाचा छोटा देश होता, आता रशियात आहे, तिथं 1940 ला ती राष्ट्रप्रमुख झाली, राजघराण्यातली नसलेली पहिली बाई, गुरं राखणाऱ्या गरीब घरातली. तिच्यापुढं तू काय लिहिणार होतीस?

आता तुझा ‘नवरा’वाला गट घेऊ. इसाबेल पेरॉन, अर्जेंटिना. नवरा अध्यक्ष, ही उपाध्यक्ष, 1 जुलै 1974 ला तो वारला आणि ही अध्यक्ष झाली, प्रेसिडेंट हे पद मिळालेली जगातली पहिली बाई. पण कारभार बघायचा लोपेझ रेगा नावाचा मंत्री, नवऱ्याच्या वेळेपासूनचा विश्वासातला माणूस. खुर्चीवर तिचं नाव आणि हुकूम त्याचा. मार्च 1976 ला लष्करानं तिला उचललं आणि पुढं त्या देशानं काय भोगलं ते वाचून बघ, माणसं घरातून उचलून नेली ती परत आलीच नाहीत.

त्याच रकान्यात तू फिलिपिन्सच्या कोराझोन अक्विनोला घातलंस. तिचा नवरा 1983 ला परदेशातून परत आला तर मनिलाच्या विमानतळावरच त्याला गोळी घातली. पाच लेकरांची आई, कधी निवडणूक लढवलेली नाही, समोर वीस वर्षं सत्तेत बसलेला मार्कोस. तो म्हणायचा हिला काय अनुभव आहे. तर ती उघड म्हणाली की खरंय, खोटं बोलायचा, चोरी करायचा, विरोधकांना मारायचा मला अनुभव नाही. फेब्रुवारी 1986 ला लाखो लोक रस्त्यावर उतरले आणि मार्कोस पळाला. पण मला कौतुक त्याच्या पुढचं आहे. खुर्चीवर बसली ती स्वतः बसली. लष्करातल्या लोकांनी तिच्याविरुद्ध पुन्हा पुन्हा बंड केलं तरी उठली नाही. 1987 ला नवी घटना आणली, अध्यक्षाला एकदाच सहा वर्षं, परत नाही. आणि 1992 ला लोक म्हणत होते की ही बंधनं तुम्हाला लागू नाहीत, तुम्ही उभ्या रहा, तर नाही राहिली. निकाराग्वाची व्हियोलेता चामोरो तशीच, नवरा पेपरचा संपादक, त्याला 1978 ला मारलं, ही 1990 ला निवडून आली, यादवी मिटवली आणि लष्करातली सक्तीची भरती बंद केली. इसाबेल, कोराझोन, व्हियोलेता, तिघींपुढं तू एकच शब्द लिहिलास, ‘नवरा’. म्हणून म्हणते तुझा रकानाच चुकीचाय. तिघी एकाच दारातून आत आल्या, पण बसली कोण हे बघ ना.

आणि मिशेल बॅशेलेटपुढं ‘बाप’ लिहिलंस ते वाचून मला खरंच राग आला. अगं तिचा बाप चिलीच्या वायुदलात जनरल होता, लष्करप्रमुख पिनोचेच्या बंडाला साथ दिली नाही म्हणून त्याला त्याच्याच लोकांनी तुरुंगात टाकून छळलं आणि तो 1974 ला तिथंच मेला. पुढच्या वर्षी हिला आणि हिच्या आईला उचललं, मग देशाबाहेर काढलं. ही लेकरांची डॉक्टर झाली, परत आली, आणि 2002 ला त्याच लष्कराची संरक्षणमंत्री झाली, 2006 ला राष्ट्राध्यक्ष. हे बापामुळं झालं? बापामुळं तिला कोठडी मिळाली. वाचल्याशिवाय लिहायचं नाही, आणि हे मी तुला नुसतं परीक्षेपुरतं सांगत नाहीये.

तुझं खरं दुखणं मला कळतं, तू लिहिलंस की राष्ट्रपती तरी काय, रबर स्टॅम्पच, मग सरपंच बाईचं काय घेऊन बसलात. हे तुला कुणी शिकवलं? द्रौपदीबाई मुर्मू झारखंडच्या राज्यपाल होत्या, तिथल्या सरकारनं आदिवासींच्या जमिनीचे दोन जुने कायदे बदलायचं विधेयक पास करून सहीला पाठवलं, सरकार त्यांच्याच पक्षाचं, आणि 2017 ला त्यांनी ते सही न करता परत पाठवलं. ज्या बाईनं सुरुवातीला ओडिशाच्या पाटबंधारे खात्यात कारकुनी केली, रायरंगपूरच्या नगरपंचायतीत 1997 ला नगरसेविका झाली, नवरा गेला, दोन तरणी पोरं गेली, तिनं सही करायची नाही तर केली नाही. आता उलटं बघ, नेपाळमध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती विद्यादेवी भंडारींनी पंतप्रधानाच्या शिफारशीवर डिसेंबर 2020 ला संसद बरखास्त केली, मे 2021 ला परत केली, आणि दोन्ही वेळा सुप्रीम कोर्टानं तो निर्णय रद्द करून संसद परत उभी केली. सहीला वजन नसतं तर त्यासाठी दोनदा कोर्टात जायची वेळ कामून आली असती?

आइसलँडची विग्दीस फिनबोगादोत्तिर तर मला पाठ आहे. 1980 ला समोर तीन पुरुष उमेदवार होते, हिला एक तृतीयांशाच्या जरा वर मतं पडली तेवढ्यावर आली, थेट लोकांनी निवडून दिलेली जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष. घटस्फोटित, एकटीनं मुलगी दत्तक घेतलेली, प्रचारात लोकांनी काय काय विचारलं असंल ते तू समजू शकतेस. सोळा वर्षं राहिली. तिचं पदही मानाचंच, आपल्या राष्ट्रपतीसारखं. 1985 ला हवाई सुंदरींचा संप मोडणारा कायदा सरकारनं तिच्याकडं सहीला आणला आणि दिवस नेमका 24 ऑक्टोबर, दहा वर्षांपूर्वी त्याच दिवशी आइसलँडच्या बायकांनी घरचं दारचं सगळं काम बंद ठेवलं होतं, जवळजवळ नव्वद टक्के बायका. तर तिनं सही काही तास थांबवली. मंत्री राजीनाम्याच्या गोष्टी करायला लागले. शेवटी तिनं सही केली. तू म्हणशील मग काय फायदा. पोरी, ते काही तास अख्ख्या देशाला कळलं की या कागदाच्या शेवटी एक माणूस बसलेलं आहे, शिक्का नाही! आणि हीच बाई जाईल त्या गावात तीन झाडं लावायची, एक मुलींसाठी, एक मुलांसाठी, एक अजून जन्माला न आलेल्या लेकरांसाठी, त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. आयर्लंडची मेरी रॉबिन्सन बघ, तिलाही फारसे अधिकार नव्हते, तरी 1992 ला दुष्काळात सोमालियाला जाऊन उभी राहिली, त्या संकटात तिथं जाणारी पहिली राष्ट्रप्रमुख. अधिकार किती होते ते नंतर मोज, आधी बस तर खरं.

माझं सांगते, कारण तू विचारलं नाहीस तरी गावात तुला कुणीतरी माझं सांगितलंच असंल. 1997 ला आमची जागा महिलेला सुटली. मी सातवी शिकलेली. पहिल्या मासिक सभेला दीर म्हणाले वहिनी तुम्ही चहाचं बघा, प्रोसिडिंगवर सही नंतर घरी आणून घेऊ. मी म्हणलं सही मी तिथंच करीन आणि आधी कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा. तेवढंच. पुढं शाळेच्या कंपाउंडचं बिल आलं, काम आमच्याच घरच्या माणसाचं, भिंत अर्धी पण नव्हती आणि बिल पूर्ण. मी चेकवर सही केली नाही. त्या वर्षी घर वेगळं झालं, चुली दोन झाल्या, सासूबाई माझ्याशी जाईपर्यंत बोलल्या नाहीत. अजून लोक म्हणतात हिनं सरपंचकीपायी घर फोडलं. मी घर फोडलं नाही, मी अर्ध्या भिंतीच्या पूर्ण बिलावर सही केली नाही, आणि आज तो चेक समोर आणला तरी मी करणार नाही. सासूबाईंचं मात्र मनातून जात नाही, शेवटच्या आजारात मी त्यांना पाणी पाजलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं. आणि दुसरं, पुढच्या टर्मला जागा खुली झाली तेव्हा मला उभं राहायचं होतं, फॉर्म पण आणला होता, घरातून कुणी साथ दिली नाही आणि नळयोजना अर्धवट राहिली ती राहिलीच, उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा मला अजून त्रास होतो. म्हणून तू राजीनामा म्हणलीस की माझं डोकं फिरतं. लोकांनी थेट निवडून दिलेलं पद, पाच वर्षं, आणि तू ते कुणाला देऊन चाललीस? उपसरपंचाला? मामांना?

घरच्यांशी भांडच असं मी म्हणत नाही. तुझे मामा वाईट माणूस नाहीत, गावाचं त्यांना कळतं, विचार की त्यांना, दहादा विचार. जावई पण शिकलेले आहेत. पण विचारणं वेगळं आणि त्यांनी तुझ्या खुर्चीत बसणं वेगळं. एलन जॉन्सन सर्लीफ लायबेरियाची, तुरुंग भोगलेली बाई, 2006 ला अध्यक्ष झाली, यादवीनं राजधानीत चौदा-पंधरा वर्षं लाईट नव्हती तर त्याच वर्षी जुलैत काही रस्त्यांवर दिवे लावून दाखवले, 2011 ला नोबेल मिळालं. आणि त्याच बाईनं स्वतःच्या मुलांना मोठ्या पदांवर नेमलं तर तिच्यासोबत नोबेल मिळालेल्या लेमा बोवीनं जाहीर टीका केली. मोठमोठ्या बायांचं तिथं अडतं, घरच्यांना खुर्चीजवळ कुठवर येऊ द्यायचं. तुझ्यामाझ्यासारख्यांना तर ती रेघ पहिल्याच दिवशी ओढावी लागते.

पुण्याच्या क्लासचं म्हणशील तर अभ्यास कर, कोण नको म्हणतंय, पहाटे कर. पण पंचायतीचं काम शिकलीस तर अर्धा पेपर तिथंच आहे, पंचायतराजची 73 वी घटनादुरुस्ती तू पाठ करतेस आणि तुझ्याच गावात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होत नाही, ती घेणारी तूच आहेस. ऑनलाइन पेमेंटला तुझी आणि ग्रामसेवकाची दोघांची डिजिटल सही लागते, आणि तू म्हणतेस त्या सहीचं डोंगल जावयांच्या गाडीच्या डिकीत असतं आणि पासवर्ड ऑपरेटरला माहितीये. म्हणजे तुझ्या नावानं पैसे निघतात आणि तुला रात्री झोप लागते? चौकशी लागली तर नोटीस कुणाच्या नावानं येईल, ऑपरेटरच्या?

आज संध्याकाळी जावयांकडून डोंगल मागून घे, भांडण नको, नुसतं माग, आणि पासवर्ड बदल. ग्रामसेवकाला फोन करून सांग की या महिन्याच्या सभेचा अजेंडा आधीच तुझ्या हातात पाहिजे आणि मागच्या तीन महिन्यांचं कॅशबुक बघायचंय. मधल्या खुर्चीत बसायचं, कडेच्या नाही, मामा आले तर त्यांना मानानं बाजूची खुर्ची दे. मी पुढच्या गुरुवारी परभणीला दवाखान्यात येणार आहे, तिथून तुझ्याकडं येते, मुक्कामाला थांबीन. कॅशबुकच्या झेरॉक्स काढून ठेव आणि वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा पण, माझा चष्मा आता जाड झालाय, आकडे तू वाच मी ऐकते.

तुझी मावशी