कथेतल्या जागा पाहायला एकट्याने निघताना

न्यूझीलंडमधील हॉबिटन ('लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रपटांतील गाव), स्कॉटलंडमधील ग्लेनफिनन (हॅरी पॉटरच्या चित्रपटांतील रेल्वेपूल) आणि स्वित्झर्लंडमधील रायशेनबाख धबधबा (शेरलॉक होम्सच्या कथेतील) एकाच पंधरवड्यात पाहण्याचा तुमचा बेत मी वाचला. पहिल्याच एकट्या प्रवासात न्यूझीलंड वगळून युरोपातील दोनच ठिकाणे निवांत पाहावीत, असे मला मनापासून वाटते. स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे; स्कॉटलंड ज्याचा भाग आहे ते ब्रिटन मात्र त्यात नसल्यामुळे, व्हिसा लागत असल्यास दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात, हे आधीच ध्यानात घ्यावे.

ग्लेनफिननच्या २१ कमानींच्या पुलावरून जाणारी वाफेच्या इंजिनाची गाडी केवळ हंगामात धावते आणि तिची तिकिटे लवकर संपतात. तिकीट न मिळाल्यास टेकडीवरील पायवाटेवरून पूल पाहावा. माझ्या मते तेच दृश्य अधिक मोलाचे आहे. छायाचित्रासाठी रुळांवर मात्र कदापि जाऊ नये.

रायशेनबाखला मायरिंगेन गावातून जावे. शेरलॉक होम्स आणि त्याचा शत्रू मोरियार्टी यांची कल्पित झुंज ४ मे १८९१ रोजी जिथे झाली, ती जागा कड्यावर पांढऱ्या ताऱ्याने दाखवलेली आहे. डोंगरावर चढणारी छोटी रेल्वे हिवाळ्यात बंद असते, शिवाय बर्फ वितळण्याच्या दिवसांत धबधब्याला भरपूर पाणी असते, म्हणून उन्हाळ्याचा आरंभ निवडावा. आदल्या रात्री या झुंजीची कथा ('द फायनल प्रॉब्लेम') पुन्हा वाचावी. वाट ओली व निसरडी असते. एकटे असल्याने परतण्याची वेळ मुक्कामाच्या ठिकाणी सांगूनच निघावे.