लावणी-कापणीला भरवशाची माणसं कशी मिळवायची? (रत्नागिरी, दोन एकर भात)

वाडीतल्याच पाच-सहा बायकांच्या एका टोळीला मे महिन्यात, पेरणीच्या आधीच सांगून ठेवा. ऐन आषाढात शोधायला निघालात तर कोणी मिळणार नाही. तरवा (भाताची रोपं) 21 ते 25 दिवसांचा झाला की साऱ्या गावात एकदमच लावणी लागते. आंबा बागांतले नेपाळी गडी तोवर बहुतेक गावी गेलेले असतात आणि चाकरमानी उगवतात ते गणपतीला, लावणी उरकल्यावर! मी संगमेश्वरकडे दरवर्षी माणसं लावतो, त्यावरून सांगतो. बोलणं टोळीतल्या एकीशीच ठेवा, बाकीच्यांना तीच आणते. मजुरी त्याच संध्याकाळी, चिखलाचे पाय धुऊन होतायत तोवर हातात पडली पाहिजे. एकदा "उद्या देतो" म्हणालात की परवा ती टोळी शेजाऱ्याच्या शेतात वाकलेली दिसेल. दोन वेळचा चहा आणि सकाळचे घावणे हेही मजुरीइतकंच मोजलं जातं.

- पेरणी आठ दिवसांच्या अंतराने दोनदा करा, म्हणजे तीच टोळी पुरते.
- अर्ध्या शेतात हळवं (लवकर पिकणारं), अर्ध्यात निमगरवं (त्यामागून पिकणारं) भात घ्या. कापणीही पुढेमागे येते.
- चिखलणी भाड्याच्या पॉवर टिलरने उरका, माणसं फक्त लावणीला.

मात्र कापणीचं इतकं खात्रीने सांगत नाही. ऑक्टोबरात परतीचा पाऊस घोंघावायला लागला की जो तो आधी आपलं भात वाचवतो, दिलेला शब्दही तेव्हा दोन दिवस मागे सरकतो. त्या दोन दिवसांसाठी घरच्यांपुरते विळे धार लावून ठेवा.