प्रादेशिक अस्मितेला वाव दिला, तर उद्या वेगळा देश मागतील का?

तुमच्या प्रश्नातली ही भीती जुनी आहे. नेहरू, पटेल आणि काँग्रेसचे नेते पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीनेही 1949 मध्ये भाषावार राज्यांबद्दल जवळपास हीच शंका घेतली होती. माझ्या मते घडलं ते उलटंच, आणि त्याचा पुरावा तमिळनाडूत सापडतो.

तिथल्या द्रमुक (द्रविड मुन्नेत्र कळघम) पक्षाची स्थापना 1949 ची. वेगळं द्रविडनाडू, म्हणजे दक्षिणेतल्या द्रविड भाषिकांचा स्वतंत्र देश, हे या पक्षाचं उघड ध्येय होतं. मे 1962 मध्ये पक्षाचे नेते अण्णादुराई यांनी राज्यसभेतल्या पहिल्याच भाषणात स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. पुढच्याच वर्षी पक्षाने ही मागणी सोडून दिली. का? सगळे सांगतात, चीनचं युद्ध आणि 16 वी घटनादुरुस्ती. या दुरुस्तीमुळे निवडणूक लढवायची तर देशाच्या अखंडतेची शपथ घेणं भाग पडलं. खरं आहे, पण मला हे कारण अर्धंच वाटतं. कायद्याने अण्णादुराईंना माघार घ्यायला सन्मानाची वाट मिळाली, इतकंच. द्रविडनाडूचा पाया आधीच खचला होता. त्यात तेलुगू, कन्नड, मल्याळी सगळे यायला हवे होते. त्यांना मुळातच फारसा रस नव्हता, त्यात 1953 ला आंध्र झाला आणि 1956 ला केरळ व कन्नडिगांचं म्हैसूर राज्य. स्वतःच्या भाषेचं राज्य हातात आल्यावर मद्रासच्या मागे कोण जाणार?

खरी कसोटी 1965 ची. हिंदीच्या सक्तीविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले, गोळीबार झाले, माणसं मेली. फुटीरपणा डोकं वर काढणार असता तर तेव्हाच. पण तो सगळा राग मतपेटीत उतरला. 1967 ला द्रमुक सत्तेवर आला, त्याच वर्षी केंद्राने कायदा बदलून इंग्रजीचं स्थान पक्कं केलं आणि 1969 मध्ये राज्याचं नावही मद्रासचं तमिळनाडू झालं. (एकेकाळी वेगळा देश मागणारा हाच पक्ष पुढे केंद्रातल्या अनेक आघाडी सरकारांत मंत्रिपदं घेऊन बसला.)

मिझोराममध्ये मात्र नेमकी उलटी, वाव न देण्याची चूक झाली. 1959 च्या सुमारास बांबूला फुलोरा आला, उंदीर माजले, पिकं गेली, दुष्काळ पडला. सरकारी मदत तोकडी पडली. दुष्काळात लोकांना धान्य पोचवणाऱ्या संघटनेतूनच मिझो नॅशनल फ्रंट उभी राहिली आणि मार्च 1966 मध्ये तिने स्वातंत्र्य जाहीर केलं. सरकारने तिथल्या ऐजॉल शहरावर हल्ल्यासाठी विमानं पाठवली. वीस वर्षं बंदुका चालल्या. मिटलं ते 1986 च्या करारानंतर. त्या करारातून मिझोरामला पूर्ण राज्याचा दर्जा मिळाला आणि बंडाचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले.

त्यामुळे एखाद्या प्रांतात आपल्या भाषेच्या पाट्यांसाठी मोर्चा निघाला, तर मला चिंता वाटत नाही. तिथल्या लोकांनी निवडणुकीकडेच पाठ फिरवली, तर वाटेल.