वाचक विचारतात : गो-कार्टला चाक केवढं, स्प्रॉकेट किती दातांचं?

प्रश्न : स्प्लेंडरचं जुनं 100 सीसी इंजिन घेऊन आम्ही मित्र गो-कार्ट (छोटी, उघडी चारचाकी) बनवतो आहोत. चेन-सेट (चेन आणि तिची दोन दातेरी चाकं, म्हणजे स्प्रॉकेट) 14-42 दातांचा आहे, इंजिनाला 14 आणि मागे 42. चेतक स्कूटरची 10 इंची चाकं लावावीत की खऱ्या कार्टसारखी 5 इंची? मागचं स्प्रॉकेट बदलावं लागेल का? गाडी वावरात आणि खळ्यावरच चालेल.
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : 10 इंचीच लावा. 5 इंची रिमवरचं कार्टचं टायर बाहेरून जेमतेम 28 सेंमी भरतं, म्हणजे मागच्या चाकांचा शाफ्ट जमिनीपासून 14 सेंमीवर. 42 दाती स्प्रॉकेट चेनसकट 18 सेंमीचं, तेव्हा चेनखाली उरले 5 सेंमी. पऱ्हाटीच्या पहिल्याच खुंटाला चेन उतरेल. काळ्या मातीच्या भेगांतही ती चाकं अडकतात. चेतकचं 3.50-10 टायर 43 सेंमीचं. त्यावर चेनखाली 12 सेंमी मोकळे राहतात.

आता स्प्रॉकेट. इथे अंदाज नको, मोजून घ्या. प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मॅग्नेटचा (इंजिनाच्या क्रँकसोबत फिरणाऱ्या चुंबकी चाकाचा) नट पान्याने फिरवा. इंजिनाचं छोटं स्प्रॉकेट 3 वेळा फिरेपर्यंत मॅग्नेटचे किती फेरे झाले ते मोजा (42 भागिले 14 म्हणजे 3, तेवढ्यात मागचा शाफ्ट एकदा फिरतो). मग माणूस बसवून गाडी ढकला आणि चाकाच्या एका फेऱ्यात किती अंतर कापलं ते खडूने मोजा; 10 इंची चाकाला 1.33 मीटरच्या आसपास येईल.

समजा मॅग्नेटचे 12 फेरे भरले. इंजिन मिनिटाला 7000 फेरे घेत असेल तर शाफ्ट 583 फेरे घेईल. त्याला 1.33 ने आणि मग (मिनिटाच्या मीटरचे तासाचे किमी करायला) 0.06 ने गुणा : ताशी 46 किमी. सस्पेन्शन नसलेल्या गाडीला वावरात एवढा वेग पुष्कळ झाला. मोटारसायकलच्या 18 इंची चाकावर हाच हिशेब ताशी 65 च्या वर जातो. म्हणजे चाक लहान केल्यानेच ओढ जवळपास 40 टक्के वाढली, चेन-सेटला हातही न लावता. म्हणून 14-42 तसाच ठेवून आधी चालवून बघा.

टॉप स्पीडसाठी मागे 32-34 दाती स्प्रॉकेट लावायचा मोह बऱ्याच जणांना होतो. मग पहिल्या गिअरमध्येही गाडी क्लच घसरवतच उचलावी लागते, आणि भुसभुशीत मातीत क्लच-प्लेटा लवकर जळतात. उलट, पहिल्या गिअरमध्येही इंजिन दबत असेल तर पुढचं स्प्रॉकेट 14 चं 13 करा. ओढ सुमारे 8 टक्के वाढते. त्याहून लहान नको, चेन फार कमी घेरात वळते आणि लवकर झिजते. तेवढ्याने भागलं नाही तर 14 परत लावून मागे 48 दाती बसवा. ओढ 14 टक्के वाढेल, टॉप ताशी 41 वर येईल.

शाफ्ट 30 मिमीचा घ्या, बेअरिंग यूसीपी 206. स्प्रॉकेटचा फ्लँज (ते शाफ्टवर धरणारी चकती) लेथवर खरडूनच घ्या. नुसता वेल्ड केलेला लंगडतो आणि चेन एका जागी ताठ, दुसऱ्या जागी सैल होते. इंजिनाच्या पट्ट्यांना लांबट भोकं ठेवा, चेन मधोमध 10 ते 15 मिमी हलली पाहिजे. चेतकचं रिम दोन भागांचं असतं. ते जोडणारे नट हवा पूर्ण काढल्याशिवाय उघडायचे नाहीत, तोंडावर उडतं.

सीटमागे इंजिनाला वारा लागत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात पहिल्या गिअरवर सतत फिरवलं तर ते तापून ओढ सोडतंच. पत्र्याचा बोळ करून वारा सिलिंडरच्या पात्यांवर आणा.

प्रश्न : सीटखाली जागा नाही. चेन उजवीकडे यावी म्हणून इंजिन उलट तोंडाने बसवलं तर चालेल का?
एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : गाडी चारही गिअरमध्ये मागे पळेल. चेन फिरण्याची दिशा उलटवत नाही (दोन्ही स्प्रॉकेट एकाच दिशेने फिरतात), त्यामुळे इंजिन शाफ्टच्या पुढे ठेवा की मागे, त्याचं तोंड पुढेच हवं आणि चेन डावीकडेच येईल. मागे ठेवलंत तर वजन मागे जाऊन स्टिअरिंग हलकं पडतं. तेव्हा सीट शक्य तेवढी पुढे घ्या. आणि हो, पासिंग नसलेली ही गाडी डांबरी रस्त्यावर काढू नका.