‘ताई, तेव्हा का सोडलीस गं?’

प्रश्न : पंधरा वर्षांपूर्वी बँकेतली कायमची नोकरी सोडून मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका झाले. घरात सगळ्यांशी भांडून! परवा धाकट्या भावानं विचारलं, ‘‘ताई, तेव्हा का सोडलीस गं?’’ ‘‘मुलांची आवड होती,’’ असं म्हणाले खरं, पण ते माझं मलाच पटलं नाही. खरं कारण आठवतच नाही. हल्ली शाळेत जाताना पाय जड होतात. निर्णयच चुकला असेल का?
— एक वाचक

उत्तर : ताई, स्वतःचं उत्तर तुम्हाला पटलं नाही, ही मला तुमच्या पत्रातली सगळ्यात आश्वासक गोष्ट वाटते. ‘का?’ म्हटलं की आपलं मन फार चटकन काहीतरी पुढे करतं. स्वीडनमधल्या संशोधकांचा २००५मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. दोन चेहऱ्यांच्या फोटोंतला जास्त आवडलेला निवडायला सांगून त्यांनी हातचलाखीनं न निवडलेलाच फोटो लोकांच्या हातात दिला. बहुतेक वेळा अदलाबदल लक्षातच आली नाही. उलट हाच चेहरा का निवडला, याची कारणं लोक मनापासून सांगत राहिले. आणि ती निवड तर क्षणापूर्वीची होती.

म्हणून काही दिवस ‘का’ बाजूला ठेवा. केव्हा, कुठे, कोणासमोर, हे आठवा. राजीनामा लिहिला त्या सुमारास कोणाशी बोलणं व्हायचं? शाळा पहिल्यांदा पाहिली तेव्हा कोणत्या वर्गाच्या दारात उभ्या होतात? ओठांपुढे कागद धरून ‘प’ म्हणू पाहणारं एखादं मूल, उच्चार जमून श्वासानं कागद हलल्यावरचा त्याचा चेहरा, असं काही दिसतं का? जुन्या डायऱ्या, पत्रं काढा. आणि ज्यांच्याशी भांडलात त्यांना जरूर विचारा, भावालासुद्धा. तुम्ही तेव्हा काय काय बोललात, ते विरोध करणाऱ्यांनाच जास्त लख्ख आठवत असतं, असा माझा अनुभव आहे.

चार्ल्स डार्विननं १८३८मध्ये लग्न करावं की नाही, याचे दोन रकाने कागदावर मांडले होते. वेळ जाईल, पुस्तकांना पैसे कमी पडतील, हे नकाराच्या बाजूला. म्हातारपणाची सोबत होकाराच्या. १८३९च्या जानेवारीत त्यानं लग्न केलं. मला त्या कागदातला नकाराचा रकाना मोलाचा वाटतो. तुम्हीही तसा लिहा : बढती, निवृत्तिवेतन, घरच्यांची शाबासकी, जे जे सोडलंत ते सगळं. एवढं सोडायला लावणारी गोष्ट किरकोळ नसणार, आणि तिचा माग त्या यादीतूनच लागेल.

पाय जड होण्याचं कारण मात्र पंधरा वर्षं मागे जाऊन शोधू नका. वर्गात मुलं वाढली आहेत का? शिकवण्यापेक्षा कागदपत्रंच जास्त झाली आहेत का? घरी कोणाचं आजारपण आहे का? तसं असेल, तर ते ओझं यंदाचं आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांशी बोला, वर्ग बदलून मागा, साठलेली रजा घ्या.